भारी घड्याळ कुठून घ्यावं: शोरूम की ग्रे?

लग्नसराई तोंडावर आली की माझ्या टेबलासमोर एक ठरलेला प्रश्न येऊन बसतो. यंदा तो घेऊन आले कवठेमहांकाळकडचे एक द्राक्षबागायतदार काका. मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "ताई, जावयाला घड्याळ घालायचंय. पुण्याच्या शोरूमनं दोन लाख दहा सांगितलं. हा मुंबईचा माणूस तेच एक साठला देतोय. पन्नास हजार कशाला सोडायचे, सांगा की!"

काकांना बसवलं, चहा सांगितला. पुढच्या तासाभरात त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आमचं दुकान सांगलीत हरभट रोडला लागून असलेल्या बोळात आहे. अण्णांनी एचएमटीच्या 'जनता' दुरुस्त करत ते उभं केलं आणि आता गेली बावीस वर्षं त्यांच्याच टेबलावर मी बसते. आम्ही घड्याळं दुरुस्त करतो, विकत नाही. तुम्ही कुठून घेता यात माझा एक रुपयाही नाही. पण घेतलेलं घड्याळ बिघडलं की ते माझ्याकडेच येतं, आणि मागचं झाकण उघडलं की ते कुठून आलंय हे बऱ्याचदा कळतं.

आधी ग्रे म्हणजे काय ते

बरेच जण ग्रे म्हणजे डुप्लिकेट समजतात. तसं नाही. फर्स्ट कॉपी हा सरळसरळ बनावट माल. ग्रेचं घड्याळ कंपनीनेच बनवलेलं, अस्सल असतं. फक्त कंपनीने नेमलेल्या विक्रेत्याच्या हातून ते तुमच्याकडे येत नाही. एखाद्या देशातल्या डीलरकडे न खपणारी मॉडेल्स साचतात. तो ती कमी भावात घाऊक काढून टाकतो. कुठे चलन घसरलेलं असतं, कुठे कर कमी असतो. तिथून घेऊन दुसरीकडे विकणारे व्यापारी म्हणजे ग्रे मार्केट.

भारतात या धंद्याला इतका वाव मिळाला तो करामुळे. स्विस घड्याळ आयात करताना वर्षानुवर्षं मूळ २० टक्के सीमाशुल्क, त्यावर अधिभार धरून २२ टक्के, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी असा हिशेब होता. म्हणजे शंभर रुपयांचा माल कर भरून बाहेर पडेपर्यंत १४४ रुपयांचा. आता स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या एफ्टा गटाशी भारताचा करार झालाय. १० मार्च २०२४ला सह्या झाल्या, १ ऑक्टोबर २०२५पासून तो लागू झाला. स्विस घड्याळांवरचं सीमाशुल्क त्यात टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. त्यामुळे घाई नसेल तर शोरूमचा भाव दर वर्षी नव्याने विचारा. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलेला फरक आज तेवढाच असेल असं धरून चालू नका.

आणि ग्रे म्हणजे स्वस्तच, हेही खरं नाही. रोलेक्सची स्टीलची स्पोर्ट्स मॉडेल्स, म्हणजे डेटोना, जीएमटी, सबमरीनर, शोरूममध्ये मागितली की नाव लिहून घेतात आणि थांबायला सांगतात. ज्याला थांबायचं नसतं तो ग्रेमध्ये छापील किमतीच्या वर पैसे मोजतो. २०२२च्या सुरुवातीला हे वरचे पैसे शिगेला पोचले होते आणि नंतर उतरले. 'गुंतवणूक' म्हणून त्या वेळी घेतलेल्यांना ते चांगलंच जाणवलं. मुलाच्या नोकरीचं, जावयाचं, स्वतःच्या पन्नाशीचं म्हणून घ्या. भाव वाढेल म्हणून घेऊ नका, एवढं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

दादाचं घड्याळ

आमच्याच घरातली गोष्ट सांगते, कारण मी स्वतः घड्याळजी असून यात फसले.

२०१७च्या दिवाळीत दादाच्या चाळिशीसाठी आम्ही भावंडांनी पैसे काढून एक स्विस डायव्हर घड्याळ घेतलं. दोनशे मीटर वॉटर रेझिस्टंट, भारदस्त. मुंबईच्या एका ग्रे विक्रेत्याकडून घेतलं आणि शोरूमपेक्षा अडतीस हजार वाचले. बॉक्स होता, कार्ड होतं, डायल निर्दोष. मी आयग्लास लावून काटे, आकडे, चावी सगळं तपासलं. कार्डावर परदेशातल्या डीलरचा शिक्का होता. शिक्क्याखालची तारीख मात्र मी तितक्या काळजीने वाचली नाही. ती होती मार्च २०१६. वॉरंटी दोन वर्षांची, आणि ती त्या तारखेपासून सुरू झालेली. आमच्या हाती आलं तेव्हा पाच महिने उरले होते.

मे २०१८मध्ये तारीख अडकायला लागली, अर्धी आजची, अर्धी उद्याची. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणालं, मुदत संपली, पैसे भरून करा. विक्रेत्याने स्वतःची एक वर्षाची वॉरंटी दिली होती, म्हणून त्याच्याकडे पाठवलं. सात आठवड्यांनी परत आलं, तारीख नीट बदलत होती. वर्कशॉपचं काम झालंय, आता उगाच कशाला उघडा, म्हणून मी झाकणाला हात लावला नाही.

मग २०१९चा ऑगस्ट. कृष्णेचं पाणी आमच्या भागात शिरलं तेव्हा दादा कमरेएवढ्या पाण्यातून शेजारच्या आजींना बाहेर काढत होता, घड्याळ हातातच. दोनशे मीटरच्या घड्याळाला कमरेएवढं पाणी म्हणजे काहीच नाही. चौथ्या दिवशी ते बंद पडलं. पूर ओसरल्यावर मी ते टेबलावर घेतलं. झाकण फिरवलं आणि आत बघून हात थांबला. पाणी अडवणारी रबराची कडी, म्हणजे गॅस्केट, एका बाजूला झाकणाच्या आट्यांत चिमटली गेली होती, चपटी होऊन फाटली होती, आणि ती कंपनीची नव्हतीच. जाडीने कमी, कडक. रोटरच्या, म्हणजे आत फिरून चावी भरणाऱ्या वजनाच्या, स्क्रूची खाच दोन्ही कडांनी ओरबाडलेली, चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घातला की होते तशी. रोटरवर कुणाच्यातरी अंगठ्याचा ठसा तेलासकट उमटलेला. आणि डायलच्या सहाच्या आकड्याखाली कृष्णेचा गाळ, तांबूस, वाळलेल्या मेंदीसारखा.

त्या घड्याळाला मी माझ्या हाताने पुन्हा चालू करू शकले नाही याचं मला आजही वाईट वाटतं. त्याचं कारण तुम्हालाही ठाऊक असायला हवं. बऱ्याच मोठ्या स्विस कंपन्या सुटे भाग फक्त आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच देतात. माझ्यासारख्या स्वतंत्र कारागिराला ते मिळत नाहीत. मी साफ करू शकते, तेल घालू शकते, वेळ लावू शकते. पण गंजलेलं चाक कंपनीचंच हवं असेल तर कुठून आणू? सर्व्हिस सेंटरचा खर्च वाचलेल्या अडतीस हजारांच्या पुढे गेला.

फरकाचा खरा हिशेब

म्हणून काकांच्या पन्नास हजारांचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. तुम्हीही असाच मांडा.

पहिलं, शोरूमला भाव करून बघितला का? बहुतेकांना वाटतं तिथे एकच भाव. रोलेक्सला सूट मिळत नाही हे खरं, पण बाकी बऱ्याच ब्रँडच्या, विशेषतः शोकेसमध्ये वर्षभर पडून असलेल्या मॉडेलवर अधिकृत विक्रेता काहीतरी कमी करतो. रोख कमी नाही केलं तर एखादा जादा पट्टा, जुन्या घड्याळाचा एक्सचेंज, बिनव्याजी हप्ते यातलं काही मागा. लाजायचं कारण नाही.

दुसरं, वॉरंटी. रोलेक्स आणि ओमेगा आज ५ वर्षं देतात. ऑटोमॅटिक घड्याळाचं सर्व्हिस सेंटरमधलं एक पूर्ण सर्व्हिसिंग दहा-पंधरा हजारांपासून पुढे कुठेही जातं, जितकं घड्याळ भारी तितकं जास्त. ग्रेच्या घड्याळाची कंपनी वॉरंटी किती महिने उरलीय ते मोजा. विक्रेत्याची 'आमची वॉरंटी' असेल तर काम कोण करणार, भाग कुठले घालणार, हे लेखी मागा. ते लेखी मिळालं नाही तर त्या वॉरंटीची किंमत शून्य धरा.

तिसरं, पुढे विकायचं झालं तर. भारतातलं पक्कं बिल, भारतात शिक्का मारलेलं कार्ड आणि बॉक्स असा पूर्ण संच असेल तर घेणारा घासाघीस कमी करतो.

हे सगळं वजा केल्यावर काकांच्या पन्नास हजारांचे वीसच्या आसपास उरले. मग त्यांनी माझ्यासमोरच शोरूमला फोन लावला. आठ टक्के सुटले. घड्याळ पडलं एक लाख त्र्याण्णव हजार दोनशेला. मुंबईवाल्याशी फरक राहिला तेहतीस हजारांचा, आणि काका म्हणाले, "जावयाला दिलेलं घड्याळ उद्या बंद पडलं तर मी कुणाच्या दारात जाऊ?" विषय संपला.

भेट द्यायचं घड्याळ आणि आयुष्यातलं पहिलं भारी घड्याळ, ही दोन्ही अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. यात मला शंका नाही. आणि तो अधिकृत आहे की नाही हे दुकानाच्या पाटीवरून ठरवू नका. ब्रँडच्या मुख्य संकेतस्थळावर विक्रेते शोधायची सोय असते, तिथे शहर टाका आणि दुकानाचं नाव-पत्ता जुळवा. एकच दुकान चार ब्रँडचं अधिकृत असतं आणि पाचव्याचं नसतं, तेव्हा तुमच्या ब्रँडखाली नाव दिसलं पाहिजे. रोलेक्स, ओमेगासाठी आपल्याला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. जा, एक दिवस मोडा. मनगटावर घालून बघितल्याशिवाय ४१ मिलिमीटर रुंदीचं घड्याळ म्हणजे केवढं हे कळत नाही.

ग्रेमधूनच घ्यायचं असेल तर

ग्रेमधून चांगलं घड्याळ घेतलेली माणसंही मी बघितलीत. तासगावचे एक बेदाणा व्यापारी माझे जुने गिऱ्हाईक. त्यांना कंपनीने बंद केलेलं एक मॉडेल हवं होतं, शोरूममध्ये मिळणारच नव्हतं. त्यांनी चार महिने घालवले, तीन विक्रेते नाकारले, चौथ्याकडून घेतलं. आजही ते घड्याळ दिवसाला दोन-तीन सेकंदांच्या आत चालतं. त्यांनी जे केलं ते नीट बघा.

बिल आधी मागितलं, पैशांची बोलणी नंतर. बिल म्हणजे जीएसटीचं पक्कं बिल. त्यावर विक्रेत्याचा पंधरा अक्षरी-अंकी जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७; पुढची दहा अक्षरं त्याच्या पॅनची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक टाकला की धंद्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते फुकट दिसतं. राज्यातल्या विक्रीत केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के वेगळा दाखवतात. दिल्लीहून आलं तर एकत्र १८ टक्के. बिलावर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर दोन्ही लिहून घ्या. नुसतं 'रिस्ट वॉच १ नग' लिहिलेलं बिल परत करा.

पैसे बँकेतून दिले. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानेच बंद आहे, आणि दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. "पॅन नको, बिल नको, अजून वीस कमी करतो" असं कुणी म्हणालं की उठा. दहा लाखांवरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५पासून विक्रेत्याने १ टक्का टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाकडून आगाऊ आयकर, घ्यायचा असतो. तो तुमच्या नावावर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करता येतो. घेतला नाही म्हणजे सवलत मिळाली असं समजू नका. उलट व्यवहार कागदावर आलाच नाही अशी शंका घ्या.

माल देशात कसा आला ते विचारलं. दुबईहून कुणाच्या तरी हातावर बांधून आलेलं आणि सीमाशुल्क न भरलेलं घड्याळ ही तुमच्या डोक्याला लागलेली काळजी आहे. शुल्क भरल्याची पावती किंवा आयातीचा कागद दाखवायला प्रामाणिक विक्रेता कचरत नाही.

कार्डावरची तारीख, देश आणि सिरीयल नंबर घड्याळावरच्या नंबराशी ताडून बघितला. जुन्या रोलेक्सवर हा नंबर पट्टा काढल्यावर दोन शिंगांच्या मधे दिसतो, नव्यावर काचेच्या आतल्या कड्यावर कोरलेला असतो. काही ठिकाणी माल कुठल्या डीलरने बाहेर काढला हे कंपनीला कळू नये म्हणून नंबर घासून काढतात. घासलेल्या नंबराचं घड्याळ कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. कंपनीचं सर्व्हिस सेंटर त्याला हात लावेलच याची खात्री नाही, आणि ते चोरीचं नाही हे तुम्ही कशावरून सांगणार?

आता मशीनचं. आजकाल विक्रेते टाइमग्राफरच्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. हे यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकून दिवसाचा फरक आणि बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची गती ठरवणारं मागेपुढे झुलणारं चाक, किती अंशात झुलतं ते दाखवतं. पूर्ण चावी दिलेलं, डायल वर ठेवलेलं निरोगी घड्याळ साधारण २७० ते ३१० अंश दाखवतं. पण त्या स्क्रीनच्या कोपऱ्यात 'लिफ्ट अँगल' नावाचा एक आकडा असतो, तो कुणीच बघत नाही. मशीनच्या बनावटीप्रमाणे तो यंत्रात आपण भरायचा असतो, चुकीचा भरला की झुलण्याचे अंशही चुकीचे येतात. यंत्रात तो सहसा ५२ अंशांवर असतो. ओमेगाच्या को-अ‍ॅक्सियल मशीनला तो ३८ लावावा लागतो. मागच्या वर्षी एक तरुण डॉक्टर असाच फोटो घेऊन आले: २८७ अंश, उत्तम. कोपऱ्यात ५२. घड्याळ त्यांनी बघायला म्हणून आणलंच होतं. मी ३८ लावून यंत्राच्या माइकवर ठेवलं, आकडा आला २१०. सर्व्हिसिंगची गरज असलेलं घड्याळ नवं म्हणून विकायला काढलं होतं. विक्रेत्याला माहीत नव्हतं की माहीत होतं, ते मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी ते परत केलं.

रोलेक्सबद्दल एक लक्षात ठेवा. कंपनी नवी घड्याळं ऑनलाइन विकत नाही, अधिकृत दुकानातूनच देते. त्यामुळे 'नवं कोरं रोलेक्स, घरपोच' अशी जाहिरात दिसली तर ती एक तर ग्रे किंवा बनावट. बनावट मालही आता इतका हुबेहूब येतो की फोटोवरून मीही सांगणार नाही. घड्याळ हातात घेऊन, आणि गरज पडली तर उघडूनच सांगता येतं.

घेतल्यानंतर

शोरूमचं असो की ग्रेचं, काउंटर सोडण्याआधी कार्डावर तारीख आणि शिक्का तुमच्यासमोर पडला पाहिजे, किंवा नव्या पद्धतीचं कार्ड असेल तर ते तुमच्यासमोर चालू केलं पाहिजे. बिल, कार्ड आणि घड्याळावरचा नंबर यांचे फोटो काढून घरच्या अजून एकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. महापुरात बॉक्स आणि कागद दोन्ही वाहून गेलेली घरं आपल्या सांगलीत पुष्कळ आहेत.

विक्रेत्याशी वाद झालाच तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. विक्रेता मुंबईचा असो की दिल्लीचा, सांगलीच्या जिल्हा आयोगात दाद मागा. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा, बरेचदा तिथेच विक्रेता नमतो. पण या सगळ्याला बिल लागतं. आमच्याकडे दादाच्या घड्याळाची हिशेबाची चिठ्ठी होती, बिल नव्हतं, म्हणून आम्ही कुठेच जाऊ शकलो नाही.

आणि पहिल्या आठवड्यात कुठल्याही माहितीच्या घड्याळजीकडे एकदा नेऊन माइकवर ठेवायला सांगा. वॉरंटीत असताना मागचं झाकण उघडू देऊ नका. टिकटिक बाहेरूनच ऐकू येते. डायल वर, डायल खाली, चावी खाली अशा तीन बाजूंनी दोन-दोन मिनिटं पुरतात. आकडे कागदावर लिहून तारीख घाला आणि तो कागद बिलाच्या मागे लावून ठेवा. काकांच्या जावयाच्या घड्याळाचे आकडे मी तसेच लिहून दिलेत: दिवसाला अधिक तीन सेकंद, २९४ अंश.